अस्वलाचं वजन

आयली किन्नुनेन गेली पन्नासएक वर्षं दर हिवाळ्यात एकदा गावातल्या सगळ्यात उभ्या चढावर उलटी गाडी चढवते. उलटी म्हणजे पाठमोरी, रिव्हर्समध्ये. आणि त्या वेळी गाडीच्या बॉनेटवर अस्वल बसलेलं असतं. राउहाला या आमच्या गावाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी आपल्या हातातल्या ग्लासाकडे बघतो, मग आपल्याकडे. गावात मात्र यात कुणाला काही नवल वाटत नाही. उलट गाडी सरळ चढली असती तर लोकांनी डॉक्टरला बोलावलं असतं.

जानेवारीच्या मध्यावर आमच्याकडे हेइक्कीचा दिवस येतो. त्या दिवशी गुहेत झोपलेलं अस्वल कूस बदलतं आणि हिवाळ्याचं कंबरडं मोडतं, असं फिनलंडहून इथे अमेरिकेत खाणीत कामाला आलेले आमचे आजे-पणजे सांगत. घरात अर्धा कडबा आणि अर्धं पिंप खारी मासळी शिल्लक असेल त्याने निर्धास्त राहावं; नसेल त्याने आजपासून शेजाऱ्याशी गोड बोलायला लागावं. मोडल्या कंबरड्यानिशी हिवाळा पुढे तीन महिने सरपटत राहतोच, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी एका माणसाला अस्वलाचं कातडं घालून टेकडीवरच्या हॉलपर्यंत वाजतगाजत न्यायचं, तिथे बर्फात त्याने कूस बदलायची आणि मग सगळ्यांनी कॉफी प्यायची, हा रिवाज आहे. कॉफी पिण्यासाठी एवढा खटाटोप करणारं गाव दुसरं नसेल.

पूर्वी अस्वल घोड्याच्या घसरगाडीतून जायचं. दूधवाल्याचा घोडा म्हातारा होऊन मेला, तेव्हा पंचाईत झाली. आयली तेव्हा बेकरीत कामाला होती. शाळेची बस तिच्या हाती आली ती पुढे. पण गाडी तिच्याकडे होती, आणि कसली गाडी! सहासष्ट सालची ओल्डस्मोबील टोरोनॅडो. सोनेरी. नाक न्हाव्याच्या दुकानापाशी आलं तरी शेपूट अजून बेकरीपाशीच असायची. दारं दोनच, पण एकेक दार असं की ते उघडायचं म्हटलं तर शेजारच्याने आपली गाडी हलवावी. आणि त्या काळी अमेरिकेतल्या सगळ्या दिमाखदार गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जात असताना ही पुढच्या चाकांनी ओढली जायची. घोडा पुढे आणि टांगा मागे, असा सरळ हिशेब. दूधवाल्याच्या घोड्याला याहून चांगला वारस मिळणं शक्य नव्हतं.

ही गाडी मुळात खाणीच्या मॅनेजरची. खाण बंद पडली तेव्हा साहेबांनी बंगल्यातलं सामान विकायला काढलं. गावातल्या बायका पडदे बघायला गेल्या आणि आयली गाडी घेऊन आली. लग्नासाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं.

"आता यातच नवरा बसव," तिची आई म्हणाली.

"बसवीन की," आयली म्हणाली. "मागे तिघं मावतात."

पुढे खरंच एक बसवला. चांगला माणूस होता, पण त्याने गाडी कधी चालवली नाही. तशी त्याला कुणी किल्लीच दिली नाही.

पहिल्या वर्षी आयलीने गाडी सरळच नेली होती. अर्ध्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ती खाली आली, पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिचं डोकं फिरलं. सगळ्या गावासमोर तिने गाडी वळवली, तिचं ढुंगण टेकडीकडे केलं आणि ओरडली, "तोंड वर करून जात नाहीस ना? मग पाठ दाखवत जा, मेले!" आणि गाडी सुतासारखी वर गेली. पुढच्या वर्षी लोकांनी विचारलं, "उलटीच ना?" तिसऱ्या वर्षी कुणी विचारलंही नाही. आणि मग अर्थ सांगणारे उगवले. पाद्रीसाहेबांनी सांगितलं की माणूस भविष्यात असाच पाठमोरा जातो, नजर भूतकाळावर ठेवून. शाळेच्या हेडमास्तरांनी हा प्रकार थेट फिनलंडच्या जंगलात नेऊन पोचवला. आयलीचं स्वतःचं मत असं, की पाहुणा म्हणून आलेल्या जनावराने गावाला पाठ दाखवू नये. अस्वलालाही लाज असते. मेले-बिले म्हटल्याचं तिला अजिबात आठवत नाही.

इतकी वर्षं अस्वल व्हायचा तो वायनो. वायनो आमचा खाटीक. दुकानात लटकवलेल्या मालापेक्षा दुकानदारच वजनाला जास्त भरेल, असा गडी. मागल्या वर्षी त्याचा गुडघा बदलला, म्हणून कातडं त्याच्या भाच्याला घातलं. भाचा शाळेत कसरत शिकवतो. काटकुळा, चपळ, रोज सकाळी पळणारा. कातड्यात तो असा दिसत होता, जणू अस्वल उपाशीच झोपलं होतं. आणि मागल्या वर्षी पन्नास वर्षांत पहिल्यांदा गाडी न्हाव्याच्या दुकानासमोर अडली, चाकं गरगरली, गाडी आडवी झाली आणि घसरत जाऊन बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतली. अस्वल उडून न्हाव्याच्या पायरीवर पडलं. कुणाला लागलं नाही. पण कूस बदलली गेली नाही, आणि मे महिन्यातही बर्फ पडलं. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण बेकरीत आयली आली की हवामानाचा विषय बंद व्हायचा. आयलीला हेच जास्त लागलं. उघड शिव्या दिल्या असत्या तर तिने व्याजासकट परत केल्या असत्या.

तिची मुलगी मार्शा इस्पितळात नर्स आहे. मोडलेली म्हातारी हाडं रोज बघते. गाडी रुतली त्याच संध्याकाळी ती आली आणि कोट न काढताच म्हणाली, "आई, बस्स."

"काय बस्स?"

"गाडी. त्या डायकहाउसला देऊन टाक. किती वर्षं मागतोय बिचारा."

रॉजर डायकहाउस हा पुलाखालचा. आमच्या भागाला बाकीच्या राज्याशी एक मोठा पूल जोडतो, आणि त्या पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्या सगळ्यांना आम्ही पुलाखालचे म्हणतो. लहान मुलांच्या गोष्टींत पुलाखाली राक्षस राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. डायकहाउसकडे तीन टोरोनॅडो होत्या. गरम कोठारात, चादरी पांघरून. त्यांनी पाऊसही बघितला नव्हता. आयलीची गाडी त्याला चौथी हवी होती, कारण ती जशी कारखान्यातून आली तशी होती, रंगसुद्धा पहिला. आमच्याकडे रस्त्यावर वाळू टाकतात. बर्फ वितळवायला इतर ठिकाणी मीठ टाकतात, पण इथल्या थंडीपुढे मीठ हात टेकतं. मीठ नाही, त्यामुळे गाडीला गंज कमी. शिवाय आयली दर शरदात गाडीखाली शिरून तिच्या पोटाला तेल चोळते. बाळंतिणीच्या बाळाला कुणी एवढं चोळत नसेल.

मायलेकींचं बरंच वाजलं. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या हेइक्कीला आयलीने अस्वल हॉलपर्यंत नेलं, तर गाडी तिची आणि किल्ली तिची, आणि मार्शा पुन्हा तोंडातून अक्षर काढणार नाही. नेता आलं नाही, तर त्याच दिवशी गाडी पुलाखाली.

"अक्षर काढणार नाहीस? तू?" आयली म्हणाली. "हे बघायला तरी चढलंच पाहिजे."

यंदाच्या हेइक्कीला सकाळीच डायकहाउस आला. मोठा ट्रक, मागे रिकामा ट्रेलर, आणि ट्रेलरच्या तळाला चक्क गालिचा. उतरला तेव्हा ट्रक हातभर वर उचलला गेला. एवढा अवाढव्य माणूस आमच्याकडे वायनोनंतर हाच. पण चेहरा लहान मुलाचा, आणि हातांत पांढरे सुती मोजे. थंडीसाठी नव्हेत. गाडीला बोटांचे डाग पडू नयेत म्हणून. त्याने गाडीभोवती फेरी मारली, दाराच्या कडेवरून एक बोट फिरवलं आणि डोळे मिटले.

"प्रार्थना म्हणतोय का?" वायनोने कुबडी टेकत विचारलं.

"भूक लागली असेल," आयली म्हणाली. "त्याला पॅस्टी दे."

वायनोने त्याला मांस-बटाट्याची गरम पॅस्टी दिली. मग दुसरी दिली. तेवढ्यात खालच्या मैदानातून बातमी आली. बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत होती, त्यात वायनोचा भाचा पहिला आला आणि शेवटच्या रेषेवर त्याची पाठ धरली. आता तो बायकोच्या पाठीवरून घरी गेला होता. कातडं मोकळं झालं.

मार्शाने आईकडे पाहिलं. "अस्वल नाही, तर चढही नाही. आपलं ठरलंय, आई."

"अस्वल मिळेल. अख्खं गाव पडलंय."

पण गाव जमिनीकडे बघत होतं. मागल्या वर्षी अस्वल न्हाव्याच्या पायरीवर कसं आपटलं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मधेच डायकहाउसने तोंड पुसत विचारलं, "मॅडम, ही गाडी उलटी का चढते, माहीत आहे ना तुम्हाला?"

"लाज," आयली म्हणाली.

"काय?"

"जनावराला असते. पुलाखालच्यांचं मला माहीत नाही."

"तसं नाही हो," तो म्हणाला, आणि आवडत्या विषयावर बोलणाऱ्या माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला. "ओढ पुढच्या चाकांत आहे. सरळ चढलात की भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी पडतात, नुसती फिरतात. उलटं चढलात की नाक खाली, सगळा भार नाकावर. मग चाकं बर्फाला धरून ठेवतात. आणि तशात नाकावर एखादा चांगला जाडजूड..."

इथे तो थांबला. बेकरीच्या खिडकीत जुन्या हेइक्कीचा फोटो लावलेला आहे. टोरोनॅडोच्या बॉनेटवर वायनो बसलाय, भरल्या अंगाचा, डोंगरासारखा. डायकहाउसने फोटोकडे पाहिलं. मग रिकाम्या कातड्याकडे. "मागल्या वर्षी अस्वल किती वजनाचं होतं?" त्याने हळूच विचारलं.

सगळं गाव त्याच्याकडेच बघत होतं. पायापासून डोक्यापर्यंत, आणि मग जरा रुंदीतसुद्धा.

"नाही," डायकहाउस म्हणाला.

"तिसरी पॅस्टी घे," वायनो म्हणाला.

"अहो, बॉनेटवर बसायचं? टोरोनॅडोच्या? मी माझ्या गाड्यांवर कुणाला टोपीसुद्धा ठेवू देत नाही!"

"तुझ्या गाड्यांवर कधीच काही होत नाही, असं ऐकून आहे मी," आयली म्हणाली.

मार्शा पुढे आली. "अरे, त्यांना काय बसवताय? ते गिऱ्हाईक आहेत! गाडी वर गेली तर त्यांचंच नुकसान."

"म्हणून तर," वायनो म्हणाला. "पुढे कुणी म्हणायला नको, की अस्वल आपल्या बाजूचं होतं."

डायकहाउस बराच वेळ गाडीकडे बघत उभा राहिला. "म्हणजे मी बसलो नाही तर गाडी माझी," तो म्हणाला. "आणि बसलो तर..."

"तर अस्वल होशील," आयली म्हणाली. "विकत मिळतं का बघ कुठे."

त्याने कोट काढला आणि मार्शाच्या हातात दिला. मार्शाने नर्सच्या सवयीने घेतला, आणि मग स्वतःवरच चिडली. कातडं त्याच्या अंगावर शिवल्यासारखं बसलं. बॉनेटवर चढताना त्याने आधी हात जोडले, मग टेकला. पत्रा करकरला. त्याच्या तोंडून असा आवाज आला, जणू कुणी त्याच्याच पोटावर बसलंय. गाडीचं नाक चांगलं चार बोटं खाली गेलं.

"आता कशी दिसते!" वायनो म्हणाला. "वयात आल्यासारखी!"

ढोल वाजले, झांजा वाजल्या. आयलीने पाठीशी उशी सारली, मान मागे वळवली, एक हात शेजारच्या सीटवर टाकला आणि गाडी उलटी निघाली. बेकरी गेली, दवाखाना गेला, चाकांखाली बर्फ कुरकुरत होतं. अस्वल बॉनेटवर बांधलेले कातडी पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे विस्फारून गावाकडे बघत मागे मागे चाललं होतं. मुलं ओरडत होती, "हात कर! हात कर!" अस्वलाने एक पंजा सोडला, हलवला आणि लगेच परत धरला.

न्हाव्याचं दुकान आलं. तिथे चढ असा उठतो की घोडासुद्धा उभा राहून विचार करायचा. पुढची चाकं एकदा घसरली. पुन्हा त्यांनी बर्फ धरलं. पुन्हा घसरली, आणि मग नुसतीच गरगरायला लागली, तोच मागल्या वर्षीचा आवाज. गाडी हातभर खाली आली. ढोल थांबले. मार्शाने तोंडावर हात ठेवला. काचेतून आयलीची नुसती मान दिसत होती, ताठ, मागे वळलेली. तिने पाय सैल केला, हलकेच दाबला. गाडी वर जाईना आणि खालीही येईना.

त्या क्षणी अस्वलाने खाली उडी मारली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मान सलामत राहिली असती आणि गाडी त्याची झाली असती. तळाशी ट्रेलर उभाच होता, गालिचा अंथरून.

अस्वलाने पट्टे सोडले. मी म्हटलं, उतरलं. पण ते बॉनेटवरून पुढे सरकत थेट बंपरवर आलं, गावाला पाठ करून उभं राहिलं, बॉनेटची कड धरली, गुडघे वाकवले आणि उड्या मारायला लागलं. धप्प. धप्प. धप्प. प्रत्येक उडीसरशी गाडीचं नाक रस्त्यात रुतायचं.

"मॅडम!" ते कातड्यातून ओरडलं. "मी खाली आलो की दाबा! खाली आलो की!"

"मला शिकवतोस?" आतून आवाज आला. पण धप्प झालं की इंजिन गुरगुरायला लागलं.

आधी लोकांना काही कळेना. मग वायनोने कुबडी आपटली, धप्प. ढोलवाल्याने ताल उचलला. अख्खा रस्ता नाचायला लागला. पाद्रीसाहेब नाचत होते, न्हावी हातात कात्री घेऊन नाचत होता. आणि कडेला उभी असलेली मार्शा, जिने बारा महिने या चढावरून आईशी वाद घातला होता, ती कोट छातीशी धरून ओरडत होती, "खाली आला! दाब, आई! दाब! आता!"

गाडी तसूभर चढली. मग हातभर. चाकांनी बर्फाखालची वाळू धरली, गाडी एकदा हिसका देऊन सुटली आणि भर्रकन पाठमोरी वर निघाली. न्हाव्याचं दुकान खाली गेलं. पाद्रीसाहेबांचं घर खाली गेलं. अस्वल बंपरवर पोट टेकून लोंबकळत होतं आणि "होऽऽ" असा जो आवाज काढत होतं, तो आमच्या जंगलात कुठल्याही जनावराने आजवर काढलेला नाही. हॉलच्या दारात आयलीने गाडी उभी केली, बटण ओढलं, आणि टोरोनॅडोच्या दिव्यांवरच्या मिटलेल्या पापण्या सावकाश वर झाल्या. दोन्ही बाजूंचे दिवे लागले आणि टेकडीवरून खालच्या सगळ्या गावाकडे बघू लागले. मी या गावात जुना आहे, पण एवढा आरडाओरडा मी खाण चालू असतानाही ऐकला नव्हता.

अस्वलाने बर्फात कूस बदलली. एकदाच बदलायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते उतारावर चारपाच वेळा गडगडत गेलं. यंदा हिवाळ्याचं कंबरडंच नव्हे, बरगड्याही मोडणार, असं लोक म्हणाले.

हॉलमध्ये कॉफी झाली, वेलदोड्याचा गोड पाव झाला. आयलीच्या टेबलापाशी रांग लागली होती. बेकरीवालीने स्वतःहून हवामानाचा विषय काढला. मार्शा आली आणि काही न बोलता आईसमोर बसली.

"बोल की," आयली म्हणाली.

मार्शाने ओठ मिटून मान हलवली. अक्षर काढायचं नाही, असं ठरलं होतं.

"ओरडत होतीस मघाशी. ऐकू आलं मला."

मार्शाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. "मी तुझ्या विरुद्ध नव्हते ग, आई."

"ठाऊक आहे. तू माझ्या हाडांच्या बाजूची होतीस," आयली म्हणाली. "पाव घे. लोणी लाव नीट, हात आखडू नकोस."

डायकहाउस बाहेर गाडीपाशी होता. मोजे कुठेतरी पडले होते. बॉनेटवर त्याच्या बैठकीचा एक खोल, सुबक खळगा पडला होता आणि तो त्यावरून उघडा हात फिरवत होता.

"हे मी केलं," आयली बाहेर आल्यावर तो म्हणाला. "पन्नास वर्षांत ओरखडा नव्हता. आता या गाडीला निम्मीही किंमत येणार नाही, मॅडम."

"मग विकायचा प्रश्नच मिटला," आयली म्हणाली. "चल, खाली सोडते तुला."

तो क्षणभर घुटमळला. "एक विचारू? उतारावर... मी चालवू का?"

"अस्वलं गाडी चालवत नाहीत. मागे बस."

तो मागे बसला. कातडं अंगावरच होतं. शेजारी वायनो कुबडीसकट कोंबला गेला, पुढे मार्शा, आणि दार लावायला मला बाहेरून खांदा द्यावा लागला. गाडी या खेपेला सरळ, तोंड पुढे करून, संथ ऐटीत टेकडी उतरली. लोक दोन्ही बाजूंनी टोप्या काढत होते. मार्शाने नंतर सांगितलं, की तळाशी त्याचा ट्रक आणि रिकामा ट्रेलर आला तेव्हा आयलीने गाडी हळू केली.

"हं, आली तुझी गाडी."

अस्वल काचेला नाक लावून बाहेर बघत होतं. मुलं गाडीबरोबर धावत होती.

"मॅडम," ते म्हणालं, "सरोवरापर्यंतचा रस्ता उघडा असेल का हो?"

"असेल नाहीतर करू," आयली म्हणाली आणि तिने पाय दाबला.